बडोद्यात जुन्या फरशीवर लॅमिनेट फ्लोअरिंग: बसवावं का, आणि बसवायचंच तर कसं?

कारेलीबागकर | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कारेलीबागेत आमचं १९८६ सालचं टेनामेंट आहे, तळमजला अधिक एक. खाली हॉल साधारण १२ बाय १८ फूट, मोझेकच्या लाद्या. वर बेडरूम ११ बाय १३, तिथे कोटा दगडाची फरशी. दोन्हीकडे लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट टाकायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, थंडीत गार फरशीवर तिला पाय ठेववत नाही. आणि फरशी फोडून नवी टाकायची म्हणजे घरभर महिनाभर धूळ, ती तिच्या दम्याला चालणार नाही.

काल एक दुकानदार येऊन माप घेऊन गेला. "फरशी काढायची गरज नाही, दोन दिवसांत दोन्ही खोल्या तयार," म्हणाला. ओल पाहिली नाही, लेव्हल पाहिली नाही, दाराखाली किती फट आहे तेही नाही. म्हणून इथे विचारतोय.

मोझेकवर थेट चालतं का? तळमजल्यावर टाकावं का? ८ मिमी की १२ मिमी? हॉलमध्ये छताला टांगलेला हिंचका आहे, त्याचं काय? आणि वरची खोली मी आणि माझा भाचा मिळून स्वतः करू शकतो का? दोघांनाही हत्यारं हाताळायची सवय आहे.

चाफा | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

अलकापुरीत आमच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूममध्ये आहे. बरीच वर्षं झाली, अजून छान आहे. पायाला ऊब लागते हे अगदी खरं. आईंसाठी करताय तर जरूर करा. पण फरशी पुसायची पद्धत बदलावी लागेल, त्यावर उद्या सविस्तर लिहिते.

मांडवी_दरवाजा | ९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

आपण गुजरातेत राहतो, टाइल्सच्या कारखान्यांचं मोरबी आपल्याच राज्यात आहे. लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या त्या लांबीरुंदीत मिळतात. पाणी ओता, घासा, काही होत नाही. जुन्या फरशीवरच टाइल अॲढेसिव्हने चिकटवता येतात, फोडाफोडही नको. लॅमिनेटचा हट्ट कशासाठी?

कारेलीबागकर | ९ सप्टेंबर, सकाळी ८:४०

@मांडवी_दरवाजा, टाइल दिसायला लाकूड, पण जानेवारीच्या सकाळी पायाला दगडच. मूळ अडचण तीच आहे ना.

रंधा_पटाशी | ९ सप्टेंबर, दुपारी २:३०

मी इंटिरियरची कामं घेतो, वडिलांपासून सुतारकामाचा धंदा, कारखाना मकरपुऱ्यात. लॅमिनेट बरंच बसवलंय आणि दुसऱ्यांनी बसवलेलं बरंच उचकटलंयही. त्यामुळे जरा लांबण लागेल.

लॅमिनेटची फळी म्हणजे लाकूड नव्हे. मधला गाभा एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू राळेत दाबून केलेला दाट बोर्ड. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि सगळ्यात वर पारदर्शक कडक थर. वरचा थर पाण्याला दाद देत नाही. पाणी शिरतं ते कडेच्या सांध्यातून आणि खालून, आणि एकदा गाभा फुगला की वाळल्यावरही तो पूर्ववत बसत नाही. सांध्याची कड उभी राहते ती राहतेच. म्हणून बडोद्यात या कामाचा निकाल दुकानात लागत नाही, तुमच्या फरशीखाली लागतो. ब्रँड, रंग, ८ की १२ हे सगळं नंतर.

तुमचं घर १९८६ चं, तळमजला. त्या काळातल्या बऱ्याच टेनामेंटच्या जमिनीत प्लास्टिकचा ओलरोधक थर नाही. मुरूम-रेतीची भर, वर कोबा, वर मोझेक. पावसाळ्यात जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते आणि लाद्यांच्या सांध्यांतून उडून जाते. आज तुम्हाला ती दिसत नाही, कारण ती उडून जातेय. वर फळ्या टाकल्या की तिचा रस्ता बंद. हॉलच्या भिंतींना तळाशी लोणा, म्हणजे ओलीने फुटणारी पांढरट खारी बुकटी, लागलाय का, रंगाचे पोपडे निघतात का, ते आधी पाहा. निघत असतील तर तळमजल्याचा विषय तिथेच संपवा.

भिंती स्वच्छ असतील तर प्लास्टिकची चाचणी करा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. फरशी कोरडी पुसून, चारही कडा चांगल्या चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. हॉलमध्ये तीन-चार जागी करा: एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक मधोमध, एक बाथरूम किंवा मोरीच्या बाजूला. दोन-तीन दिवस तसंच ठेवा, पंखा-उन्हाची झळ नको. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत दव दिसलं किंवा लादी काळपट पडली असेल तर ओल आहे. ही चाचणी आत्ताच करा, पावसाळ्याच्या शेवटाला. एप्रिलमध्ये बडोद्यातली कुठलीही फरशी कोरडीच दिसते.

हिंचका छताला टांगलेला आहे हे बरं. जमिनीवर उभ्या लोखंडी चौकटीचा असता तर नको म्हटलं असतं. लॅमिनेट फरशीला चिकटवत नाहीत, ते सगळं एकसंध तरंगतं आणि हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फैलावतं-आक्रसतं. जड वस्तूंनी दोन बाजूंनी दाबून धरलं की मध्ये फुगा येतो. बाकी हिंचक्यावर बसून जिथे पाय लावून रेटा देता तेवढ्याच जागी झीज होते. पावलांखाली मातीचा कण असेल तर सँडपेपरचं काम होतं. तिथे एक सतरंजी घाला.

समा_सावली | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

तळमजल्याबद्दल मीही लिहितो. आमचं घर समा भागात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा समा, अकोटा, फतेगंज, सगळीकडे पाणी होतं. आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं. पाणी ओसरल्यावर शेजारच्यांच्या कोटा आणि मोझेकवरचा गाळ फावड्याने ओढला, धुतला, फरशी पुन्हा होती तशी. आमच्या हॉलच्या लॅमिनेटच्या फळ्या कडांना फुगून एकमेकींवर चढल्या होत्या, खालचा फोम गाळाने भरलेला, आणि वास असा की उभं राहवेना. सगळं ट्रॅक्टरमध्ये घालून पाठवलं. घरात विमा होता, पण सामान-फर्निचरचा होता, फ्लोअरिंग त्यात धरलं नाही.

कारेलीबागेतही काही सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. तुमच्या गल्लीत २०१९ च्या ३१ जुलैला आणि २०२४ ला काय झालं, ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. उंबऱ्याला पाणी लागलं असेल तर तळमजल्यावर धुता येईल अशीच फरशी ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय.

पॉलिमरवाला | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

रंधा_पटाशी यांच्या ओलीच्या मुद्द्याला अनुमोदन. मी निवृत्त आहे, आयुष्य रेझिन-प्लास्टिकच्या कारखान्यात गेलं, म्हणून वरच्या थराबद्दल थोडं.

हे फ्लोअरिंग स्वीडनच्या पेरस्टोर्प कंपनीने १९७७ मध्ये शोधलं. किचनच्या ओट्याला लागणारं डेकोरेटिव्ह लॅमिनेट ते आधीपासून करत होतेच. सुरुवातीला फळ्या गोंदाने जोडत. आज आपण टक्-टक् करून बसवतो ती बिनगोंदाची क्लिक पद्धत १९९६-९७ च्या सुमारास आली, स्वीडनच्या वेलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांकडून. तुमच्यासारख्या हौशी माणसाला हे काम घरी जमण्यासारखं झालं ते तिच्यामुळे.

सगळ्यात वरच्या थरात मेलामाइन राळ आणि तीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. झिजेला तेच टक्कर देतात. खोक्यावर एसी-३, एसी-४ असं छापलेलं असतं, तो झिजेचा दर्जा. घरच्या बेडरूमला एसी-३ पुरतो, वर्दळीच्या हॉलला एसी-४ घ्यावा. ८ की १२ मिमी याचा झिजेशी काही संबंध नाही. जाड फळीवर पाऊल पोकळ वाजत नाही आणि तिची खाच मजबूत बसते, एवढाच फायदा. १२ मिमीच्या एसी-३ पेक्षा ८ मिमीचा एसी-४ जास्त टिकतो, आणि दुकानदार मात्र जाडीवर भाव लावतो.

घरात दम्याचं माणूस आहे म्हणून आणखी एक. एचडीएफच्या राळेत फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते हळूहळू हवेत सुटतं. खोक्यावर ई-१ किंवा त्याहून कडक वर्ग छापलेला आहे का, ते बघूनच घ्या. काहीच छापलेलं नसेल तो माल स्वस्त असला तरी नको. आणि बसवल्यावर पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोली वापराविना राहू द्या.

तळमजल्यासाठी एसपीसी का नाही? चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची फळी, तीही क्लिकचीच. पाण्याने फुगत नाही.

रंधा_पटाशी | १० सप्टेंबर, दुपारी १:५०

काका, एसपीसी फुगत नाही हे बरोबर, पण खालची ओल कुठे जाणार? फळी शाबूत राहते आणि खाली बुरशी धरते. मागच्या वर्षी एका बंगल्यात एसपीसी उचकटलं, फळ्या नव्यासारख्या आणि खालचा फोम काळा, खोलीत कुबट वास. दम्याच्या माणसाला तर मी तळमजल्यावर ओलीवर एसपीसीही सुचवणार नाही. दुसरं म्हणजे ऊन. दक्षिण-पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या दारासमोर मे महिन्यात पीव्हीसी तापून पसरतं, भिंतीजवळ जागा कमी पडली तर उचलतं.

पॉलिमरवाला | १० सप्टेंबर, दुपारी ३:१०

बुरशीचा मुद्दा मान्य. उन्हाचा मात्र पूर्ण मान्य नाही; चांगल्या एसपीसीत चुनखडीचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे साध्या व्हिनाइलपेक्षा ते खूप कमी पसरतं. पडदा असेल तर अडचण येऊ नये. पण चाचणीत ओल निघाली तर आधी ओलीचा बंदोबस्त, मग फळी, यात आपलं एकमत आहे.

चाफा | १० सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

पुसण्याबद्दल लिहिते म्हटलं होतं.

आपल्याकडे बादलीत पाणी, त्यात फिनेल, आणि निथळता पोछा. लॅमिनेटला हे चालत नाही. आधी झाडू, मग मायक्रोफायबरचा मॉप अगदी घट्ट पिळून. हाताला दमट लागेल, पण थेंब पडणार नाही, इतका. पुसल्यावर मिनिटाभरात जमीन वाळली पाहिजे. त्याहून जास्त वेळ ओली राहत असेल तर पाणी जास्त झालं. आमच्या कामवाल्या बाईंना मी एक दिवस सोबत पुसून दाखवलं, आणि त्या खोल्यांसाठी वेगळा मॉप दिला. बाकी घर त्या नेहमीच्या पद्धतीने पुसतात. वेगळा मॉप दिल्यामुळे घोटाळा होत नाही.

हळद-कुंकू, तेलाचा डाग, मुलांचे स्केचपेन, सगळं निघतं. दिवाळीची रांगोळीही थेट न काढता पाटावर काढते, कारण तिचे कण बारीक खडे असतात, पायाखाली घासले जातात. आणि कूलर त्या खोलीत अजिबात नको.

सगळ्यात नाजूक जागा सांगू? बाथरूमचं दार. माणूस ओल्या पायांनी बाहेर येतं आणि रोज त्याच दोन फळ्यांवर पाऊल ठेवतं. आमच्याकडे सुताराने दारासमोर दीड फूट रुंदीची ग्रॅनाइटची पट्टी तशीच ठेवली आणि फळ्या तिच्यापुढे सुरू केल्या. त्या वेळी मला ते दिसायला आवडलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये थेट दारापर्यंत फळ्या नेल्या. तिथे दारासमोरच्या चार सांध्यांवर आज नखाने चाचपलं तरी उंचवटा लागतो.

दांडियाबाजार_वाडा | ११ सप्टेंबर, रात्री ९:००

धाग्यात माझाही प्रश्न घुसवतो. दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर जुनी सागवानी फळ्यांची जमीन आहे. काही फळ्या करकरतात, मध्ये फटी आहेत. तिच्यावर लॅमिनेट टाकलं तर चालेल का? चुलतभावांचा आग्रह आहे.

रंधा_पटाशी | ११ सप्टेंबर, रात्री १०:२५

दादा, चालेल का विचाराल तर चालतं. सैल फळ्या स्क्रूने आवळायच्या, उंचवटे रंध्याने काढायचे, नव्या फळ्या जुन्यांच्या आडव्या दिशेने टाकायच्या. लाकडी जमिनीवर प्लास्टिक मात्र अंथरायचं नाही, जुनं लाकूड खालून-वरून हवा घेत असतं, ते कोंडलं तर कुजतं.

पण करू नका. जुनं सागवान आज पैसे देऊनही मिळत नाही. तुम्ही त्यावर भुशाच्या बोर्डवर छापलेलं सागवानाचं चित्र टाकणार? करकर तुळईला फळी सैल झाल्याची आहे, ती आवळता येते. फटींत त्याच लाकडाच्या बारीक पट्ट्या घालून, घासून, तेल-पॉलिश करा. खर्च लॅमिनेटच्या आसपासच येईल. चुलतभावांना एक कोपरा घासून दाखवा, हातभर जागा पुरे. धुळीखालचा रंग बघितल्यावर ते स्वतःच नाही म्हणतील.

दांडियाबाजार_वाडा | ११ सप्टेंबर, रात्री १०:५०

रविवारी कोपरा घासून बघतो. धन्यवाद.

कारेलीबागकर | १७ सप्टेंबर, सकाळी ७:५०

चाचणीचा निकाल. खाली हॉलमध्ये चार तुकडे चिकटवले होते. मधल्या तुकड्याखाली काही नाही. बाहेरच्या भिंतीजवळच्या दोन्हींखाली लाद्या स्पष्ट काळपट, आणि मोरीकडच्या तुकड्याच्या आत बारीक दवाचे थेंब, बोटाने पुसता येतील असे. सोफा सरकवला तर मागे भिंतीच्या तळाला लोणाही दिसला, वीतभर उंच. वर बेडरूममध्ये तिन्ही जागा ठणठणीत कोरड्या.

शेजारच्या आजोबांनाही विचारलं. २०२४ ला पाणी आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, आत नाही. आम्ही तेव्हा पुण्याला होतो, त्यामुळे इतकं जवळ आल्याचं कळलंच नव्हतं.

तेव्हा हॉलचं लॅमिनेट रद्द. खाली मोझेक घासून पॉलिश करून घेणार आणि आईच्या खुर्चीपासून देवघरापर्यंत जाड सतरंजी. तिची खोलीच आता वरची करायचा विचार होता, पण जिना तिला चढवत नाही. वरची खोली आमची आणि मुलाची, तिथे मात्र लॅमिनेट नक्की. आता बसवण्याचं सांगा. कोट्याला मध्येमध्ये खळगे आहेत.

मांडवी_दरवाजा | १७ सप्टेंबर, सकाळी ९:१०

मोझेक पॉलिश हा उत्तम निर्णय. लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलमधली मोझेकची जमीन बघा, १८९० चा राजवाडा. मोझेकचं आयुष्य आपल्याहून मोठं असतं. आईंसाठी तिच्या पलंगाशी कॉयरची जाड चटई घाला, सतरंजीपेक्षा ऊब चांगली राहते. फक्त तिच्या कडा दुमडून पाय अडकू नये म्हणून खाली रबरी जाळी हवीच.

रंधा_पटाशी | १७ सप्टेंबर, रात्री ९:४५

वरच्या खोलीचं सांगतो. स्वतः जरूर करा, आयताकृती खोली आहे, शिकायला सोपी.

नवरात्र जाऊ द्या. एक तर गरब्याच्या दिवसांत गरज लागलीच तर बडोद्यात मदतीला कारागीर मिळणार नाही. आणि दसऱ्यानंतर हवा मध्यम असते, पावसाळ्याइतकी दमट नाही, मे इतकी कोरडी नाही. फळी त्या मधल्या मापावर बसवली की दोन्ही बाजूंना जाग्यावर राहते.

आधी लेव्हल. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी कोट्यावर सगळ्या दिशांनी फिरवा, खाली उजेड टाका. तीन मिमीपेक्षा जास्त फट जिथे दिसेल तिथे खडूने गोल करा. खळगे सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने (ओतल्यावर आपोआप सपाट होणारं मिश्रण) भरा, उंचवटे घासून काढा. खळगा फोमचे दोन थर घालून भरू नका. पाऊल पडलं की फळी खाली दबते, आणि दबत-उचलत क्लिकची जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणारी कड, तुटते. अंडरले, म्हणजे फळ्यांखालचा फोम, दोन-तीन मिमीचा, त्याहून जाड नाही, दुकानदार कितीही मऊ लागेल म्हणाला तरी.

खोकी घरी आणून न उघडता, त्याच खोलीत, आडवी, दोन दिवस ठेवा. उभी टेकवून ठेवली तर फळ्या वाकतात.

खाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, वरचा मजला असला तरी. जोडांवर वीतभर चढवा, चिकटपट्टी लावा, भिंतीवर दोन इंच वर वळवा. त्यावर अंडरले.

आता माप. खोली ११ फूट रुंद म्हणजे ३,३५३ मिमी. दोन्ही भिंतींशी १० मिमी फट सोडली की उरतात ३,३३३. फळी १९५ मिमी रुंदीची धरली तर १७ ओळी बसून १८ मिमीची चिंधी उरते. एवढी बारीक पट्टी ना कापता येते ना टिकते. शेवटची ओळ किमान पाच सेंटीमीटर हवी. म्हणून १८ आणि १९५ मिळवा, २१३, त्याचे दोन भाग करा. पहिली आणि शेवटची ओळ प्रत्येकी साधारण १०६ मिमी, मध्ये १६ पूर्ण ओळी. पहिली फळी टाकायच्या आधी हे गणित करा. भिंत सरळ नसतेच, तेव्हा दोन्ही टोकांना माप घ्या.

फळ्यांची दिशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने, म्हणजे सांधे डोळ्यात येत नाहीत. पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ कापून टाका, भिंतीशी १० मिमीच्या पाचरी लावा. ओळ संपताना उरलेला तुकडा ३० सेंटीमीटरहून लांब असेल तर पुढच्या ओळीची सुरुवात त्यानेच करा. शेजारच्या ओळींचे आडवे सांधेही तेवढ्याच अंतरावर राहू द्या. फळीवर थेट हातोडी मारू नका. तुकड्याचा ठोकळा लावून रबरी हातोडीने, हलक्या हाताने. बसत नसेल तर खाचेत भुसा अडकलाय, फळी काढून साफ करा. जोर केला की कड फुटते. जिगसॉने कापताना चित्राची बाजू खाली ठेवा, नाहीतर वरचा थर चिरफाळतो.

चौकटीशी बहुतेक जण अडतात. लाकडी चौकट असेल तर फळीचा तुकडा आणि अंडरले बाजूला ठेवून त्या उंचीवर चौकटीचा पाय करवतीने कापा आणि फळी आत सरकवा. ग्रॅनाइटची असेल तर कापू नका. आठ मिमी फट ठेवून फळीच्याच रंगाचं लवचिक सीलंट भरा. आणि दार आधी पाहा: आठची फळी, दोन-तीनचा अंडरले, म्हणजे अकरा मिमी उंची वाढली. दार खालून रंधावं लागेल, कपाटाचे पल्लेही तपासा. भिंतीतलं पक्कं कपाट फळ्यांवर घेऊ नका, त्याच्याभोवती फट ठेवून बसवा.

पॉलिमरवाला | १८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

उत्तम लिहिलंत. मालाचा हिशोब मी जोडतो. १,२१५ बाय १९५ ची एक फळी २.५५ चौरस फूट. खोली १४३ चौरस फूट, कापाकापीचे दहा टक्के धरून १५७. आठ फळ्यांचं खोकं असेल तर साधारण २०.४ चौरस फूट, म्हणजे आठ खोकी. सगळी एकाच बॅचची घ्या, छपाईच्या रंगात फरक पडतो. आणि तीन-चार खोकी उघडून त्यांतल्या फळ्या मिसळून टाका, म्हणजे एकाच गाठीची नक्षी शेजारी-शेजारी येत नाही.

समा_सावली | १८ सप्टेंबर, सकाळी ११:३०

वाळवीचं कोणी बोललं नाही. आपल्याकडे उधई बारमाही. एचडीएफ म्हणजे तिच्यासाठी तयार जेवण, आणि ती खालून पोखरते, वरचं चित्र शेवटपर्यंत तसंच दिसतं.

रंधा_पटाशी | १८ सप्टेंबर, दुपारी २:००

बरोबर आठवण केलीत. कारेलीबागकर, जुन्या घरासाठी वाळवीची प्रक्रिया भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडतात आणि बुजवतात. तळमजल्यावर ती करून घ्याच, वाळवी जमिनीतूनच वर चढते. मोझेक पॉलिशच्या आधी करा, म्हणजे भोकं त्या कामात झाकली जातील. वर चौकटी आणि कपाटाची मागची बाजू ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर फळी टाकायच्या आधी इलाज. आईंना त्या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवा, औषधाचा वास दम्याला नको.

दांडियाबाजार_वाडा | २२ सप्टेंबर, रात्री ८:१५

कोपरा घासला. चुलतभाऊ आता संपूर्ण माडी घासून घ्यायला तयार आहेत. पॉलिशवाल्याला दिवाळीनंतरची तारीख दिली. रंधा_पटाशी दादा, तेल कोणतं ते विचारायला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

कारेलीबागकर | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वरची खोली झाली. आई बहिणीकडे असताना खाली वाळवीची भोकं आणि मोझेक पॉलिश उरकलं, दिवाळीनंतर भाच्याबरोबर वर फळ्या टाकल्या. ओळींचं गणित हुबेहूब लागलं, शेवटची ओळ १०४ ते १०८ मिमीमध्ये आली, कारण भिंत खरंच वाकडी निघाली. सर्वांत जास्त वेळ कोट्याचे खळगे भरण्यात गेला, फळ्या त्यामानाने भराभर बसल्या. शेवटच्या ओळीला हातोडी जाईना तेव्हा भाच्याने दुकानातून वाकडी लोखंडी ओढपट्टी आणली, तिने काम सोपं झालं. पाऊल कुठेही पोकळ वाजत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्यात, झोपायला पुढच्या आठवड्यापासून.

दोन शंका राहिल्यात. स्कर्टिंग फळीला ठोकायचं की भिंतीला? आणि उरलेल्या सहा फळ्यांचं काय करू?

रंधा_पटाशी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

अभिनंदन! ओळींचं गणित जमलं की निम्मं काम झालंच.

स्कर्टिंग भिंतीलाच. फळीत एकही खिळा नको, नाहीतर सोडलेली फट निरुपयोगी होते. पाचरी सगळ्या काढल्यात ना, तेवढं बघा, एखादी पाचर कोपऱ्यात राहिली तर जुलैत तिथेच फुगवटा येतो. स्कर्टिंगच्या खालच्या कडेला सिलिकॉन भरू नका. दाराच्या उंबऱ्यावर टी-पट्टी लावा, तीही फरशीला स्क्रूने, फळीला नाही.

उरलेल्या फळ्या पलंगाखाली आडव्या ठेवा, माळ्यावर नको, तिथे उन्हाने वाकतील. खोक्याचा बॅच नंबर लिहिलेला कागद सोबत ठेवा. एखादी फळी खराब झाली तर त्या भिंतीकडून ओळी सोडवत यायचं आणि बदलायची.

चाफा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

फोटो टाका की! आणि तो वेगळा मॉप आजच आणा.

कारेलीबागकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

दोन पाचरी राहिल्या होत्या, कपाटामागे. काढल्या. मॉप आणलाय, ताई. फोटो संध्याकाळी उजेड असताना काढून टाकतो.